एक ठोका म्हणजे थांब

ही गोष्ट रात्रीची नाही.

भरदुपारची आहे. डोक्यावर रखरखीत ऊन होतं आणि खाली नळावर वीस माणसं डबे धूत होती. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल खोटी म्हणावी, मी भांडायला येणार नाही. एवढंच सांगतो की यातला शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. आणि त्यातलं एक काम माझ्या या हाताने झालं आहे.

तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. मंगळवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

जुन्या शहरातली सात घरांची एक गल्ली. तिथे माझा धाकटा भाऊ एका भिंतीपुढे उभा होता.

धाकट्याला सगळे ओळंबा म्हणतात, भिंत सरळ आहे का ते बघायची वजनाची दोरी असते ना, तो ओळंबा. गवंडी माणूस, चाळीस वर्षं थापी हातात. चालतोही सरळ, बोलतोही सरळ. कुणाच्या घरी गेला तर पाणी प्यायच्या आधी भिंत सरळ आहे का ते बघणार. त्याची बायको होती तेव्हा तिने एकदा माझ्याकडे तक्रार केली होती, "दादा, लग्नाच्या फोटोतही हे माझ्याकडे नाही, मागच्या खांबाकडे बघतायत." असा तो.

त्या गल्लीतली सातही घरं एकमेकांना चिकटलेली. दोन घरांमध्ये भिंत एकच. या घराची तुळई आणि त्या घराची तुळई, दोघींचा भार त्याच भिंतीवर. यातलं एक घर काढलं की शेजारचं कलायला लागणार. माणसंही तशीच राहत होती. इकडे कुणी खोकलं की तिकडून विचारायचे, "औषध घेतलं का?"

अशा सामायिक भिंतीवर काम करायची एक रीत होती. ती ओळंब्याला त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवली होती, अक्षरशः कान धरून.

भिंतीवर पहिला घाव घालायच्या आधी तीन ठोके द्यायचे. मग थांबायचं. पलीकडून तीन ठोके आले, तर समजायचं की माणूस बाजूला झाला, मार आता. पलीकडून एकच ठोका आला, तर थांब. तिकडे कुणी टेकून बसलं असेल, लेकरू झोपलं असेल, फळीवर काचेचं सामान असेल.

आणि काहीच उत्तर आलं नाही, तर?

तर स्वतःच्या पायाने पलीकडे जाऊन बघून यायचं. कुणी नाही अशी खात्री झाली की मगच हातोडा.

नुसता खिळा मारायचा असला तरी गल्लीत हीच रीत. बायकापोरांनाही पाठ झाली होती. एक म्हणजे थांब. तीन म्हणजे मार.

चौथ्या घराच्या वरच्या मजल्यावर आमची थोरली बहीण राहायची. अक्का. लग्न होऊन आली ती त्याच खोलीत, भाड्याने. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो गेला, तरी ती तिथेच राहिली. काजं-बटणं करून पोट भरलं तिने. उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिवणकामाची पत्र्याची टोपी कायम. झोपतानाही काढायची नाही. ती भिंतीला उत्तर द्यायची ते त्या टोपीनेच. साधा बोटाचा ठोका 'ठक' असा वाजतो. अक्काचा वाजायचा... टक्.

लहान, कोरडा. गल्लीत कुणीही ओळखावा असा.

मग शहर वाढलं. कसं वाढलं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याकडेही तेच झालं असेल. गल्लीच्या तोंडाशी आठ मजली इमारत आली, मागे वाहनतळ आला, आणि एक दिवस गल्लीत पट्टी आणि कागद घेऊन माणसं आली. सात घरं पाडून तिथे मोठं हॉटेल होणार होतं. जुन्या इमारती जपणाऱ्या खात्याने अट घातली की, घरांच्या दर्शनी भिंती पाडायच्या नाहीत. लाकडी सज्जे, नक्षीच्या खिडक्या, दारं, हे सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे. त्याच्या मागचं काहीही काढा.

म्हणजे चेहरा ठेवायचा आणि माणूस काढायचा.

हे काम एका तरुण वास्तुरचनाकार बाईंकडे होतं. सगळे त्यांना नकाशेवाल्या मॅडम म्हणायचे. वाईट नव्हत्या. घरोघर बसून चहा प्यायल्या, प्रत्येक खिडकीचं माप घेतलं, अक्काची खोली तर तीन वेळा रंगवून काढली कागदावर. त्या खात्यात भांडल्याही होत्या. पण एकदा दमून ओळंब्याजवळ बोलून गेल्या, "काका, मी सात घरं मागितली होती. मला सात चेहरे मिळाले."

माणसांना शहराच्या टोकाला नव्या इमारतीत खोल्या दिल्या. अक्काला सातवा मजला मिळाला. सामान हलवलं त्या दिवशी ती भिंतीपाशी पाठ टेकून बसली ती उठेचना. चाळीस वर्षं तिची खाट त्याच भिंतीला होती. डोकं टेकून टेकून भिंतीवर तेलाचा थाळीएवढा डाग पडला होता.

"अगं उठ अक्का, टेम्पोवाला ओरडतोय," ओळंबा म्हणाला.

"ओरडू दे. तू एवढा गवंडी, मला सांग, मी सरकले तर हिला कोण धरणार?"

"तू भिंतीला धरलंयस की भिंतीने तुला?"

"ते तुला काय कळणार! तुझी पाठ कधी कशाला टेकलीय?"

हसत हसत उठवलं तिला. जिन्यात मात्र ती एकदाही मागे वळली नाही. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, सोपं गेलं.

*

काम मिळालं ते ओळंब्यालाच. यंत्र लावलं तर दर्शनी भिंत हादरेल, म्हणून आतल्या भिंती हाताने, वरून खाली, वीट वीट सोडवत काढायच्या होत्या. चुन्यातलं काम जाणणारे गवंडी आता उरलेत किती? त्याने आधी नाही म्हटलं. मग अक्कानेच सांगितलं, "तूच कर. परक्याच्या हाताने नको."

सोबत त्याचा जुना जोडीदार होता. त्याला पैलवान म्हणायचे, कारण अंगात फक्त हाडं होती.

तीन महिन्यांत आतलं सगळं गेलं. रस्त्यावरून बघितलं तर सात घरं जशीच्या तशी. दारं, खिडक्या, सज्जे. लोक थांबून फोटो काढायचे. दार उघडलं की मात्र आत मोठा खड्डा, लोखंडी सांगाडा आणि वर आकाश.

एकच भिंत उरली होती. तिसऱ्या आणि चौथ्या घरामधली. चेहऱ्याला मागून तिचाच टेकू होता, म्हणून शेवटपर्यंत ठेवली होती. आता लोखंड बसलं, तिची गरज संपली.

तीच ती अक्काची भिंत.

खड्ड्यात ती एकटीच उभी होती. दोन्ही बाजूंना मोकळी हवा. चौथ्या घराच्या अंगाला वर अक्काच्या खोलीचा फिकट हिरवा रंग अजून होता, आणि मधोमध तो तेलाचा डाग.

मंगळवारी जेवणाची सुट्टी संपली. ओळंबा आणि पैलवान परांचीवर चढले, तिसऱ्या घराच्या बाजूने. ओळंब्याने छन्नी लावली, हातोडा उचलला... आणि थांबला.

हात आपोआप खाली आला. हातोड्याच्या दांड्याने त्याने भिंतीवर तीन ठोके दिले.

पैलवान फिदीफिदी हसला. "कुणाला विचारतोस? पलीकडे कावळा बसलाय, त्याला?"

ओळंबाही हसला. "सवय रे."

त्याने पुन्हा हातोडा उचलला.

आणि पलीकडून उत्तर आलं...

टक्.

एकच.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. खाली डबे धुण्याचा आवाज येत होता. कुणीतरी गाणं गुणगुणत होतं. पैलवान परांचीच्या टोकापर्यंत गेला, मान लांब करून भिंतीपलीकडे डोकावला.

पलीकडे काही नव्हतं. उन्हात हिरवा रंग. तेलाचा डाग. खाली तीस फूट खड्डा.

"वीट तापली की आवाज करते," पैलवान म्हणाला. पण तो भिंतीपासून हातभर मागे सरकला होता.

"हो," ओळंबा म्हणाला.

तो खाली उतरला. त्या दिवशी त्याने भिंतीला हात लावला नाही. मुकादमाला सांगितलं, परांचीची दोरी झिजलीय, बदलायला हवी.

एक ठोका म्हणजे थांब. एवढंच तर शिकला होता तो.

*

बुधवारी पुन्हा दोन वाजून दहा मिनिटांनी तीन ठोके. पुन्हा एकच उत्तर... टक्.

आता पैलवान हसला नाही.

साइटवरचे इंजिनियर साहेब चिडले. वयाने ओळंब्याच्या मुलापेक्षा लहान, पण काम त्यांच्या ताब्यात. "काल दोरी झिजली, आज काय? भिंत नको म्हणतेय का?"

ओळंब्याला खोटं जमत नाही. तो म्हणाला, "हो साहेब."

सगळी माणसं हसली. साहेबही हसले. मग हसू पुसून म्हणाले, "काका, तिला म्हणावं परवा पायाचं काँक्रीट आहे. तुम्हाला जमत नसेल तर मी यंत्र आणतो. दर्शनी भिंतीला तडा गेला तर तुमच्या मॅडमना तुम्हीच तोंड दाखवा."

दुपारी मॅडम आल्या. ओळंब्याने त्यांना परांचीवर नेलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, कान भिंतीला लावला. "ठोका," म्हणाल्या.

त्याने तीन दिले.

मॅडमचा कान भिंतीलाच होता. त्यांचा चेहरा आधी नुसता लक्ष देणारा होता. मग तो पांढरा पडला. उत्तर फक्त कानाला नाही, गालालाही लागलं होतं त्यांच्या.

"कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही चहा प्यायलाय तिच्याकडे."

"पण त्या तर आहेत ना अजून? म्हणजे... जिवंत?"

"आहे की. परवाच बोललो फोनवर."

मॅडमनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग पिशवीतून गुंडाळलेला नकाशा काढला, परांचीवरच पसरला. ठेवायच्या भिंती काळ्या, काढायच्या भिंती लाल. "ही लाल आहे काका. मीच केलीय लाल. वर सात सह्या आहेत. ती काळी करायला मी काय कारण लिहू?"

ओळंब्याने नकाशाचं उडणारं टोक हाताने दाबून धरलं.

"एक दिवस मिळवून देते. लोखंडाचे बोल्ट पुन्हा तपासायचे असं लिहिते. एकच दिवस." त्या उतरताना पायरी चुकल्या. ओळंब्याने हात धरला तर तो थंडगार होता, त्या उन्हात.

*

त्या संध्याकाळी ओळंबा अक्काकडे गेला. दोन बस बदलून दीड तास.

सातवा मजला. लांब कॉरिडॉर, एकसारखी दारं. प्रत्येक दाराला तोच तपकिरी रंग. अक्काची खोली शेवटची. ती खाटेवर भिंतीला पाठ टेकून बसली होती, हातात शर्ट आणि सुई.

"ये. चहा तुलाच करून घ्यावा लागेल," ती म्हणाली. "मला उठवत नाही आजकाल."

"काय होतंय?"

"होत काही नाही. सरकवत नाही."

तिच्या बोटातली टोपी काढलेली होती. ती उशाशी पडली होती, चेपलेली. बोट सुजून काळंनिळं झालं होतं.

"हे काय केलंस?"

"शेजारी कुणी नवीन आलंय रे. दोन दिवस दुपारी ठोकतंय. तीन वेळा. अगदी रीतीने. मला आधी बरं वाटलं, इथेही कुणीतरी रीत पाळणारं आहे म्हणून. पण मी टेकून बसलेली. सरकवत नाही, तर मार कसं म्हणू? मी आपली सगळा जीव लावून एक देते. थांब म्हणते."

ओळंब्याने हातातला कप खाली ठेवला.

"किती वाजता?"

"दोन वाजून गेल्यावर. आज जरा उशिराही आलं होतं एकदा. काल दुपारी, आज दोनदा."

आज दोनदा. एकदा त्याने स्वतः ठोकलं होतं, एकदा मॅडमसमोर.

तो उठला. बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. टोकाला खिडकी होती, तिच्यातून वाकून बघितलं. अक्काच्या भिंतीपलीकडे शेजार नव्हताच. ती इमारतीची शेवटची भिंत. पलीकडे सरळ हवा, सात मजले खाली गाड्या.

तो परत आत आला तर अक्का त्याच्याकडेच बघत होती.

"कोण राहतं पलीकडे?"

त्याला खोटं जमत नाही.

"मी," तो म्हणाला. "मीच ठोकतोय अक्का. तुझी भिंत काढायचीय."

ती हसली नाही. घाबरलीही नाही. शर्टाला बटण लावत राहिली.

"मग थोडा थांब ना," म्हणाली. "म्हणतेय ना मी, थांब."

*

गुरुवारी बोल्ट तपासले. भिंत उभी राहिली. त्या रात्री ओळंबा माझ्याकडे आला आणि त्याने हे सगळं मला सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगतोय तसंच. मी सुतार होतो, लाकडाचे आवाज आयुष्यभर ऐकले आहेत. मी म्हटलं, ऊन लागलंय तुला. मग त्याचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं.

"काय करायचं दादा?"

आम्ही दोघांनी डोकं चालवलं. दोन म्हाताऱ्यांचं डोकं, जेवढं चाललं तेवढं.

काम सोडलं तर यंत्र येणार. यंत्र काही विचारत नाही. काम केलं तर स्वतःच्या हाताने करायचं. मॅडमचे हात बांधलेले. साहेबांना सांगून उपयोग नाही. अक्काला खाटेवरून हलवावं, माझ्या घरी आणावं, असं मी म्हटलं. शुक्रवारी सकाळी दोघं गेलो. एकाने खांदे धरले, एकाने पाय. शपथेवर सांगतो, तिचं वजन पोत्यातल्या कापसाएवढं होतं, आणि ती हलली नाही. पाठ भिंतीपासून बोटभरही सुटेना. तिला दुखायला लागलं म्हणून सोडलं.

मग ओळंब्याला एक वाटलं. मलाही तेच बरोबर वाटलं, म्हणून दोष एकट्याचा नाही.

त्याला वाटलं, हे सगळं त्या ठोक्यांनी बांधलंय. तो विचारतो, ती उत्तर देते, म्हणून ती भिंत आणि ही भिंत एक झाली आहे. कुणी विचारलंच नाही आणि तिने उत्तर दिलंच नाही, तर धागा तुटेल. तिकडे भिंत पडेल, इकडे अक्का मोकळी होईल.

त्याने पैलवानाला फोन केला. "आज तू कर. वरून, हळू. मी बहिणीपाशी थांबतो. आणि ऐक, ठोकू नकोस. काही झालं तरी ठोकू नकोस."

"नाही ठोकत," पैलवान म्हणाला. "मला काय हौस आहे?"

आणि समजा चुकून ठोकलंच, तर? म्हणून आम्ही अक्काच्या दोन्ही बाजूंना बसलो. ओळंब्याने तिचा उजवा हात धरला.

डावा माझ्या हातात होता.

एक वाजला. दीड. अक्का जुन्या गोष्टी काढत होती. ओळंबा लहानपणी पिठाच्या डब्यात कसा पडला, आईने त्याला ओळखलंच नाही आणि ती कशी ओरडली. आम्ही हसलो. दोन वाजले. खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या.

दोन वाजून पाच.

दोन वाजून दहा.

काही नाही.

ओळंब्याने श्वास सोडला. माझ्याकडे बघून मान हलवली.

आणि अक्काच्या पाठीमागून...

ठक. ठक. ठक.

मी ऐकलं. या कानांनी. पलीकडे सात मजल्यांची हवा होती आणि हातोड्याच्या दांड्याचे तीन ठोके अगदी माझ्या खांद्याजवळ वाजले.

अक्काचा उजवा हात उचलला गेला. ओळंब्याने तो दाबून धरला. डावा हात ओढला गेला. मी दाबून धरला.

"सोड रे," ती म्हणाली. "थांब म्हणू दे."

"नको अक्का. उत्तर नको देऊस. थोडा वेळ फक्त."

"अरे, एकच द्यायचाय. सोडा ना."

नाही सोडला. त्या कापसाएवढ्या बाईच्या हातात काय जोर होता ते माझ्या मनगटाला माहीत आहे. पण आम्ही दोघं होतो. दोघांचे हात आयुष्यभर हातोडा धरलेले.

मग तिचा जोर संपला. हात ढिले पडले. आम्हाला वाटलं, सुटली.

ती मान कलती करून ऐकत होती.

"उतरला," ती म्हणाली.

"कोण?"

"उत्तर नाही मिळालं ना. पलीकडे बघायला चाललाय."

ओळंब्याचा चेहरा मी तेव्हा बघितला. त्याला कळलं होतं. मला कळायला आणखी क्षणभर लागला.

उत्तर आलं नाही, तर स्वतःच्या पायाने पलीकडे जाऊन बघून यायचं. कुणी नाही अशी खात्री झाली की मगच...

"पलीकडे आला," अक्का म्हणाली. "वर बघतोय." मग थोडं थांबून, अगदी शांतपणे, "कुणी नाही म्हणतोय."

"फोन कर!" मी ओरडलो. ओळंब्याने तिचा हात सोडला, खिशात हात घातला, फोन काढला, नंबर लागेना. लागला. तिकडे वाजत राहिला. पैलवान परांचीवर चढताना फोन खाली डब्यापाशी ठेवतो, हे त्याला माहीत होतं. तरी तो वाजवत राहिला. मग त्याने फोन टाकला आणि दोन्ही मुठींनी अक्कामागच्या भिंतीवर एक ठोका दिला. थांब. मग पुन्हा एक. थांब. मग पुन्हा.

त्याच्या मुठीचा आवाज त्या भिंतीतच जिरला. तो कुठे गेला नाही. जाणारा आवाज फक्त तिचा होता.

आणि तिचे हात मांडीवर पडले होते. मी धरलेला हात मी अजूनही सोडला नव्हता.

अक्काची पाठ एकदा हादरली. कुणीतरी मागून थाप मारावी तशी.

पुन्हा एकदा.

तिसऱ्यांदा हादरली तेव्हा ती मागे कलली. भिंत होती म्हणून पडली नाही.

*

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. वयाला शोभेल असं कारण होतं. आम्ही मान डोलावली.

तिला खाटेवर सरळ करताना मात्र ती सहज हलली. आणि तिच्या केसांत, मागच्या बाजूला, पांढरी भुकटी होती. ओळंब्याने ती बोटावर घेतली, चोळली, जिभेला लावली.

चुना. जुना, वाळूत मळलेला चुना.

त्या इमारतीत सगळं सिमेंट आहे. चुन्याचं एक बोटही नाही. भिंतीला साधा ओरखडाही नव्हता.

पैलवानाचा फोन डॉक्टर यायच्या आधीच, अडीचला आला होता. "सुरू झालं रे. पहिल्या तीन घावांतच वरचा थर सुटला, काही त्रास झाला नाही. तू उगाच घाबरलास, आज उत्तरच आलं नाही."

"तुला ठोकू नको म्हटलं होतं," ओळंबा म्हणाला.

तिकडे हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "अरे, चाळीस वर्षांचा हात. आधी ठोकलं, मग आठवलं. पण मी जाऊन बघून आलो ना. रीतीने. कुणी नव्हतं."

त्याला काय सांगायचं? तो रीतीनेच वागला होता. आधीसारखा तिने एक दिला असता तर त्यानेही हातोडा खाली ठेवला असता, भिंत आणखी एक दिवस राहिली असती. कदाचित मॅडमना कारण सापडलं असतं. कदाचित नसतं. पण 'थांब' एवढं म्हणायचा तिचा जो हक्क होता, तो काढून घेतला आम्ही. सख्ख्या भावांनी. एकेक हात वाटून.

हॉटेल झालं. सातही चेहरे धुऊनपुसून रंगवले, रात्री त्यांच्यावर दिवे सोडतात. छान दिसतं, खोटं कशाला बोलू. अक्काच्या खिडकीमागे लिफ्ट आहे. मॅडम एकदा भेटून गेल्या. त्यांनी ते काम सोडलं म्हणाल्या. अक्काच्या खोलीचं चित्र देऊन गेल्या, भिंतीवर तो तेलाचा डागसुद्धा काढलेला.

ओळंब्याने थापी ठेवली ती ठेवलीच. अक्काची खोली रिकामी पडू नये म्हणून तो तिथे राहायला गेला. त्याला एकटं कसं सोडायचं म्हणून मीही गेलो. सगळं ठीक होतं. महिनाभर.

मग एका दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी, त्या शेवटच्या भिंतीतून...

तीन.

ओळंबा खाटेवर बसला होता. त्याने क्षणभरही वेळ घालवला नाही. उशाशी अक्काची चेपलेली टोपी होती, ती बोटात घातली आणि एक दिला.

टक्.

ठोके थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

तेव्हापासून रोज. पलीकडून कोण विचारतंय, कुठली भिंत काढायचीय, तिला टेकून कोण बसलंय, आम्हाला माहीत नाही. आम्ही बोलत नाही त्यावर. फक्त दुपारी दोघांपैकी एक जण घरात असतो. 'नाही' म्हणायची तर सोय नाही या रीतीत. तीन ठोके द्यायची माझी छाती नाही. आणि गप्प राहिलं, तर कुणीतरी बघायला येईल, त्याला कुणी दिसणार नाही, हे आता आम्हाला ठाऊक आहे. मग उरतं काय? रोज एक.

गेल्या सोमवारपासून ओळंबा दवाखान्यात आहे. छातीत कफ झालाय, आठवडा तरी ठेवतील. काल संध्याकाळी भेटायला गेलो तर झोपेतही त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट हलत होतं. पलंगाच्या दांडीवर. एकदा. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

घरी मी एकटा आहे. टोपी माझ्या बोटात घट्ट बसते, काढताना कातडी निघते, म्हणून काढत नाही.

घड्याळात दोन वाजून गेलेत. इथेच थांबतो. हात मोकळा हवा.